आईच्या पावलांनी मोजलेला चौक

गेल्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की बिघडलेल्या चौकावर पैसा ओतण्याआधी तिथे चार दिवस माणूस उभा करा आणि त्याला मोजू द्या. त्यावर बरीच पत्रं आली. एकतीस वर्षं पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना वाहतूक शिकवली, त्यांना घेऊन किती चौकांवर उभी राहिले याचा हिशेब नाही, पण इतकी कळकळीची पत्रं एकदम कधी वाचली नव्हती. पाच निवडली आहेत. नावं मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वय ७३. आमच्या चौकात सिग्नलला हिरवा माणूस दिसला की मी रस्त्यावर उतरते, निम्म्यात पोचते तोवर तो लुकलुकायला लागतो. गाड्या पुढे सरकायला लागतात, कुणीतरी हॉर्न वाजवतं. मुलगा म्हणतो, आई, तू फार हळू चालतेस. हल्ली मी भाजीलासुद्धा पलीकडे जात नाही. हा माझा दोष का? – निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, दोष तुमचा नाही. तो चौक तुमच्यासाठी मोजलेलाच नाही.

माझी आई तुमच्याच वयाची होती तेव्हाची गोष्ट सांगते. आमच्या घराजवळच्या चौकात ती रोज सकाळी मंडईला जायला रस्ता ओलांडायची. मी वर्गात मुलांना शिकवायची की पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरा. फळ्यावर लिहायची, परीक्षेत विचारायची. एका सकाळी सहज आईच्या मागे गेले आणि घड्याळ लावलं. कठड्यापासून कठड्यापर्यंत रस्ता २२ मीटर. हे मी नंतर रविवारी पहाटे टेप धरून मोजलं. आईला लागले ३१ सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.७ मीटर. सिग्नलचा हिरवा माणूस होता १५ सेकंदांचा. माझ्या फळ्यावरच्या तरण्या माणसालाही तिथे १८ सेकंद लागले असते! म्हणजे तो सिग्नल आईसाठी तर नव्हताच, माझ्या विद्यार्थ्यांसाठीही नव्हता. तो फक्त गाड्यांच्या वेळेतून उरलेला तुकडा होता.

आई काय करायची, तर कडेला उभी राहून एक सिग्नल जाऊ द्यायची. पुढचा लागला की पहिल्या क्षणाला पाऊल टाकायची, नजर खाली, ओठांत आकडे मोजत. दुभाजकापाशी पोचली की तिथे थांबायची. तिथे थांबायला काय होतं? वीतभर रुंदीचा सिमेंटचा कट्टा आणि त्यात खोचलेला लोखंडी फलक. एका हाताने तो फलक धरायचा, दुसऱ्या हातात पिशवी.

एका पावसाळ्यात ती पलीकडच्या टोकाला पोचली होती. झेब्रा संपायला दोन पावलं उरली होती. डावीकडून ‘लेफ्ट फ्री’ने वळणारी दुचाकी तिच्या पिशवीला घासून गेली. आई बसल्यासारखी पडली. कोथिंबीर, लिंबं रस्त्यावर. मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर आणि त्यानंतर कायमची धास्ती. ती एकटी त्या चौकात पुन्हा कधी गेली नाही. दुचाकीवरचा मुलगा थांबला होता, रडवेला झाला होता. त्याला सिग्नलच नव्हता. त्याच्या समोर वळण इतकं गोल, इतकं ऐसपैस कापलेलं होतं की ब्रेकवर बोट ठेवायची गरजच पडू नये.

म्हणून तुमच्या चौकात आधी ते डावं वळण पाहा. कोपरा जितका गोल, तितकी गाडी जोरात वळते. कोपरा काटकोनाकडे आणला, फूटपाथ दोन-तीन मीटर पुढे घेतला, की गाडीला हळू व्हावंच लागतं आणि रस्त्याची रुंदीही तेवढी कमी होते. हे काम करायला आधी प्लास्टिकचे खांब आणि पांढरा रंग पुरतो. महिनाभर पाहायचं, जमलं की मग दगड बसवायचे. आणि लक्षात घ्या, लाल दिवा असताना डावीकडे वळणं हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तरच वळता येतं. आपल्याकडे उलटं झालंय. फलक नसलेल्या चौकातही डावीकडे वळायला थांबणाऱ्याला मागचे हॉर्न मारतात.

दुसरं, दुभाजकात थांबायची जागा. माणूस, पिशवी, काठी, लहान मूल मावेल इतकी रुंद, रस्त्याच्याच पातळीत, दोन्ही बाजूंनी खांब लावून राखलेली. तशी जागा असती तर आईला एका दमात २२ मीटर जावंच लागलं नसतं. दहा मीटर पंधरा सेकंदांत तिला सहज जमत होते.

आणि तिसरं, सेकंद. हिरवा माणूस गाड्यांच्या हिरव्या दिव्याआधी चार-पाच सेकंद लावता येतो. तेवढ्यात चालणारा झेब्र्यावर काही पावलं पुढे आलेला दिसायला लागतो आणि दिसणाऱ्या माणसाला गाड्या वाट देतात. याला नवीन यंत्रं लागत नाहीत, सिग्नलच्या असलेल्या पेटीत आकडा बदलावा लागतो.

तुम्ही अर्ज करा. पण ‘सिग्नलची वेळ वाढवा’ एवढंच लिहू नका. ‘रस्ता इतके मीटर, हिरवा माणूस इतके सेकंद, मला लागतात इतके सेकंद, तारीख, वेळ’ असं लिहा. सोबत तुमच्या वयाच्या आणखी चार-पाच जणींची मोजमापं जोडा. मी आईच्या चौकासाठी अर्ज केला तेव्हा चौदा महिने लागले आणि सहा सेकंद वाढून मिळाले. सहाच. पण १५ चे २१ झाल्यावर शेजारच्या दोन आज्या पुन्हा मंडईत दिसू लागल्या.

आणि तुमच्या मुलाला सांगा, एकदा आईच्या मागे घड्याळ लावून चाल.

प्रश्न : आमच्या चौकात सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास अडकायला होतं. उड्डाणपूल हाच एक उपाय आहे असं सगळे म्हणतात. पण आमच्या द्वारका चौकावरून महामार्गाचा पूल जाऊनही खाली कोंडी आहेच. मग पूल मागायचा की नाही? – व्यापारी, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे. पूल सरळ जाणाऱ्याचा. वळणाऱ्याला तो काहीच देत नाही. द्वारकेला वरून मुंबई-आग्रा महामार्गाची लांबची वाहतूक निघून जाते, ते चांगलंच आहे. पण पुणे रस्त्याकडे वळणारा, जुन्या नाशकात शिरणारा, बसमधून उतरून रिक्षा शोधणारा हे सगळे खालीच. तुमच्या चौकात कोंडी कोण करतंय, सरळ जाणारे की वळणारे, हे कळल्याशिवाय पूल मागणं म्हणजे ताप मोजण्याआधी इंजेक्शन मागणं.

हे मोजायची आमची पद्धत साधी होती. चौकाच्या प्रत्येक तोंडाला दोन मुलं. एक येणाऱ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा लिहिणार. बाहेर पडणाऱ्या तोंडांवरही तसंच. संध्याकाळी वर्गात बसून आकडे जुळवायचे. कुठून आला, कुठे गेला, सगळं कळतं. आता मोबाइलवर चित्रीकरण करून हेच घरी बसून करता येतं. एका चौकात आम्हाला दिसलं की शंभरातल्या साठाहून जास्त गाड्या वळणाऱ्या होत्या. तिथे पुलाची मागणी जोरात होती. पूल झाला असता तर त्या साठांनी पुलाच्या खांबांमध्ये उभं राहून हॉर्न वाजवले असते.

पुण्याचे दोन अनुभव सांगते, कारण मी ते जवळून पाहिलेत. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० च्या पावसाळ्यात, लॉकडाऊन असताना, पाडला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला जागा हवी होती. पूल कशासाठी, पुढच्या वीस-तीस वर्षांत त्याच जागेवरून आणखी काय जाणार आहे, याचा विचार एकत्र झाला नाही, तर लोकांचा पैसा असा दोनदा खर्ची पडतो. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसरा अनुभव चांदणी चौकाचा. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला रात्री एकच्या सुमारास स्फोटकं लावून पाडला, नव्या पुलांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. मुळशी, बावधन, कोथरूड, महामार्ग अशा सगळ्या दिशांच्या गाड्या एकमेकींना न छेदता जाव्यात म्हणून तिथे पूल आणि रॅम्प हवेच होते, त्याबद्दल माझं दुमत नाही. गाड्या सुटल्या. पण उद्घाटनानंतर मी तिथे एक संध्याकाळ उभी राहिले. बसमधून उतरलेल्या दोन मुली पलीकडे जायला वाट शोधत होत्या. एक जण बॅग छातीशी धरून महामार्गाच्या कडेने चालत होता. इतक्या मोठ्या नकाशात पायी माणसाची रेघ आधी काढायला हवी होती, गाड्यांच्या रेघा त्याभोवती काढता आल्या असत्या.

तर तुम्ही आधी मोजा. सरळ जाणारे बहुसंख्य निघाले, त्यातही लांबचे निघाले, तर पूल जरूर मागा. आणि पुलाबरोबर खालच्या चौकाचा नकाशा मागायला विसरू नका: खांब कुठे येणार, बसथांबा कुठे, झेब्रा कुठे. पूल उतरतो तिथला पुढचा चौकही बघा. कोंडी बऱ्याचदा नाहीशी होत नाही, एक किलोमीटर पुढे जाऊन बसते.

भुयारी मार्गाबद्दलही तुम्ही पत्रात विचारलंय. जिना उतरा, अंधारातून चाला, जिना चढा, हे गुडघे दुखणाऱ्याला आणि रात्री एकट्या बाईला कोण सांगणार? वाहत्या महामार्गावर दुसरा इलाज नसतो. शहरातल्या चौकात मात्र माणसाला जमिनीवरूनच जाऊ द्यावं.

प्रश्न : मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या इथे एका सिग्नलची पूर्ण फेरी १८० सेकंदांची आहे. हवालदारकाका म्हणतात, वेळ जास्त दिली की जास्त गाड्या निघतात. मला ते पटतंय आणि नाहीही. – विद्यार्थी, सांगली

उत्तर : बाळा, काकांचं निम्मं बरोबर आहे आणि तुझी शंका उरलेल्या निम्म्याची आहे. चल, हिशेब मांडू.

चार रस्त्यांचा चौक, चारही बाजूंना एकेक करून हिरवा दिवा. चौघांची पाळी एकदा पूर्ण झाली की एक फेरी. प्रत्येक वेळी दिवा बदलताना साधारण पाच सेकंद वाया जातात: पहिली गाडी गिअर टाकून हलायला लागते तो वेळ आणि शेवटची गाडी चौकातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ. चार बाजूंचे वीस सेकंद. हे वीस सेकंद फेरी लहान असो की मोठी, जायचेच.

फेरी ६० सेकंदांची असेल तर ४० कामाचे. तासाला साठ फेऱ्या, म्हणजे ४० मिनिटं गाड्या वाहतात. फेरी १२० ची केली की १०० कामाचे, तासाला तीस फेऱ्या, ५० मिनिटं. दहा मिनिटं कमावली. इथवर काका बरोबर. आता १८० कर. १६० कामाचे, वीस फेऱ्या, ५३ मिनिटं. फेरी आणखी एक मिनिट लांबवली आणि तासाला फक्त तीनेक मिनिटं मिळाली!

आणि त्या तीन मिनिटांची किंमत काय? रांग लांबते. लांबलेली रांग मागच्या चौकाच्या पोटात शिरते, मग त्या चौकाचा हिरवा दिवा फुकट जातो कारण पुढे जायला जागाच नाही. डावीकडे वळणारे त्या रांगेत अडकतात. ॲम्ब्युलन्स अडकते. चालणारा माणूस दोन मिनिटं उन्हात थांबत नाही, तो लाल दिव्यात गाड्यांमधून वाट काढतो. दुचाकीवाले स्टॉप लाइन ओलांडून झेब्र्यावर येतात, मग त्याही पुढे. शेवटची दहा सेकंद उरली की अख्खा चौक इंजिनं गुरगुरवत पुढे सरकतो. हे वाईट माणसं म्हणून होत नाही. माणसाची थांबायची ताकद संपते.

अजून एक गोष्ट तू स्वतः मोज. दिवा हिरवा झाला की पहिल्या पंधरा सेकंदांत किती वाहनं निघतात आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत किती. आपल्याकडे समोर दुचाकींचा थवा असतो. फाटलेल्या पोत्यातून ज्वारी सांडावी तशा त्या सुरुवातीला एकदम बाहेर पडतात. मागे मग चारचाक्या, बस, अंतर राखून. मी पाहिलेल्या बहुतेक चौकांत शेवटची सेकंदं अर्धी रिकामी जात होती आणि समोरच्या बाजूला शंभर जण लाल दिव्यात उभे होते.

मग उपाय? फेरी लांबवण्यापेक्षा एक पाळी कमी कर. बहुतेक चौकांत गोंधळ उजव्या वळणाचा असतो. चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना भेटायच्या ३२ जागा असतात, तीन रस्त्यांच्या तिठ्यावर फक्त ९. समोरासमोरच्या दोन बाजूंची उजवी वळणं बंद करून त्या गाड्यांना पुढे दोनशे मीटरवर यू-टर्न दिला, आणि चारच्या तीन पाळ्या झाल्या, तर वाया जाणारे वीसचे पंधरा होतात. आता ९० सेकंदांची फेरी घे. ७५ कामाचे, तासाला चाळीस फेऱ्या, बरोबर ५० मिनिटं. म्हणजे चार पाळ्यांत १२० ला जे मिळत होतं ते ९० ला मिळालं आणि प्रत्येकाचं थांबणं कमी झालं. फक्त तो यू-टर्न कुणाच्या शाळेच्या दारात येत नाही ना, ते जाऊन बघ. कागदावर यू-टर्न फार छान दिसतो.

फेरी किती असावी याचं सूत्र ब्रिटनमधल्या वेबस्टरने १९५८ मध्ये मांडलं, तुझ्या पुस्तकात ते असेल. ते शीक. पण त्यातली गाडी एका रांगेत शिस्तीत उभी आहे हे विसरू नकोस. आपल्या चौकात एका चारचाकीच्या जागेत चार दुचाक्या मावतात.

आणि काकांचा मान राख. एका पोलीस हवालदारांनी मला काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ‘मॅडम, पेटी सेकंद बघते, मी लाइन बघतो.’ धुरात आठ आठ तास उभं राहून आलेलं ज्ञान आहे ते. त्यांच्याकडे बसून तासाभराचे आकडे लिहून घे आणि तुझा हिशेब त्यांना दाखव. दोघांचं मिळून जे निघेल ते वहीत उतरव.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. शाळेसमोरच्या चौकात गाड्या सुसाट येतात. आम्ही पालकांनी गतिरोधक मागितला, तर उत्तर आलं की इथे अपघातांची नोंद नाही. आधी कुणीतरी मरायला हवं का? – एक आई, सातारा

उत्तर : तुमचा राग मला कळतो, आणि तो योग्य आहे.

ते असं का म्हणतात ते आधी सांगते. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवायची व्याख्या अशी: पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. निधी, सर्वेक्षण, दुरुस्तीचा क्रम या व्याख्येवरून लागतो. पैसा मर्यादित असतो तेव्हा आधी कुठे खर्च करायचा हे ठरवायला ती ठीक आहे. पण व्याख्येत बसत नाही म्हणून धोका नाही, असं म्हणणं चूक आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली कितीतरी अशा ठिकाणी गेली असतील, जिथे त्याआधी ‘नोंद’ नव्हती.

नोंद झाल्यावरही काय होतं, ते पुण्याच्या नवले पुलाने दाखवलंय. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की लांबलचक उतार, खाली शहर. उतारावर ब्रेक तापतात, काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकतात. २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड गाडीने तिथे कितीतरी वाहनांना धडक दिली. त्यानंतर रम्बलर (गाडीला हादरे देणाऱ्या आडव्या पट्ट्या) आले, वेगमर्यादा आली, फलक आले. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच ठिकाणी आठ जण गेले. उतार तसाच राहिला तर फलक किती पुरा पडणार?

म्हणून मृत्यूंची वाट न बघता मोजता येईल असं काहीतरी हवं. आम्ही ‘थोडक्यात वाचले’ मोजायचो. कचकन ब्रेक दाबला, एक खूण. पादचारी मागे उडी मारून परतला, एक खूण. दोन गाड्या हातभर अंतरावर थांबल्या, एक खूण. शाळा भरताना अर्धा तास, सुटताना अर्धा तास, पाच दिवस. दोन पालक पुरे होतात. मोबाइलवर चित्रीकरणही करा, पण मुलांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर कुठे टाकू नका. ते फक्त अर्जासोबत द्या. मग तो कागद महापालिकेला, नगरपालिकेला किंवा रस्ता ज्या खात्याचा आहे त्यांना, वाहतूक शाखेला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, असा तिन्हीकडे पोच घेऊन द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात, देखभालीत ठरलेली सुरक्षा मानकं पाळली नाहीत आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात त्याचा उल्लेख शांतपणे, एका ओळीत करा.

आता गतिरोधकाबद्दल. योग्य मापाचा मागा. आपल्याकडे रात्रीत डांबराची गुडघ्याएवढी मोळी टाकून जातात. तिच्यावर दुचाकीमागे बसलेली बाई पडते, कंबरदुखीचा माणूस कळवळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरने गेलं तर त्रास नाही, ५० ने गेलं तर बसतो दणका. त्याहून चांगलं म्हणजे झेब्राच उचलून फूटपाथच्या पातळीला आणणं. मुलं सपाट चालत जातात, चढ-उतार गाडीला करावा लागतो. दोन्हीकडे ठळक रंग आणि आधी फलक हवाच, आणि रंग दर पावसाळ्यानंतर पुन्हा द्यायला हवा. पुसलेला गतिरोधक रात्री मारतो.

ताशी ५० वरून ३० वर गाडी आली तर तिच्या धडकेतली ताकद जवळजवळ एक तृतीयांश उरते. तुमच्या मुलीच्या शाळेपुढे एवढंच मिळवायचं आहे. मिळेपर्यंत पालकांनी पाळीपाळीने प्लास्टिकचे शंकू (कोन) ठेवून आणि हातात थांबा-फलक घेऊन उभं राहायला पोलिसांची लेखी परवानगी मागा. तोंडी परवानगीवर कुणालाही रस्त्यावर उतरवू नका.

प्रश्न : मी बावीस वर्षं रिक्षा चालवतो. गेल्या अंकात तुम्ही लिहिलं की रिक्षा चौकाच्या तोंडावर उभ्या राहतात म्हणून कोंडी होते, त्यांना शंभर मीटर लांब न्या. ताई, आम्हाला कुणी जागा दिली आहे का? आणि शंभर मीटरवर गिऱ्हाईक येणार कसं? – रिक्षाचालक, पिंपरी

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मी गेल्या अंकातला परिच्छेद पुन्हा काढला. तो चुकला होता. मी गाड्यांची रांग मोजली आणि रिक्षा शोधणाऱ्या माणसाला विसरले. दवाखान्यातून आलेला म्हातारा बसमधून उतरतो तेव्हा त्याला रिक्षा वीस पावलांवर हवी असते. शंभर मीटर चालता येत असते तर त्याने रिक्षा केलीच नसती.

चौकाच्या आधी, सिग्नलच्या रांगेत रिक्षा किंवा बस थांबली की डावी लेन मरते, हे खरं आहे. पण उपाय हटवण्याचा नाही. चौक ओलांडल्यावर, पलीकडच्या बाजूला, बसथांबा घ्यायचा. बस हिरव्या दिव्यात चौक पार करून थांबते, तिच्यामागे सिग्नलची रांग अडत नाही, आणि उतरलेला माणूस बसच्या मागून झेब्र्याने जातो, तोंडासमोरून नाही. थांब्याच्या लगेच पुढे पाच-सहा रिक्षांचा स्टँड, आखून, फलक लावून, फूटपाथला लागून. पत्रासोबत तुम्ही चौकाचं चित्र काढून पाठवलंय, त्यात सोसायटीच्या भिंतीलगत जी मोकळी पट्टी दाखवली आहे तिथे हे सगळं बसतं असं मला दिसतंय. रुंदी लिहिलेली नाही. अडीच मीटर आहे का, तेवढं पावलांनी मोजून कळवा. मी त्यावर पेन्सिलने स्टँड आणि थांबा आखून परत पाठवते, म्हणजे तुमच्या संघटनेला अर्जासोबत जोडता येईल.